नववी खूण

इयरवुड घराण्यातल्या कुणीही आजवर नाटकाच्या रंगमंचावर पाय ठेवलेला नाही आणि देवाच्या कृपेनं ठेवणारही नाही, हे इस्मे इयरवुड ब्रुकलिनमधल्या आपल्या घरात गेली बावीस वर्षं इतक्या ठामपणे सांगत आली होती, की ते घरच्या बायबलच्या शेवटच्या पानावर जन्ममृत्यूच्या नोंदींखाली लिहून ठेवणं तेवढं बाकी होतं. त्याच बावीस वर्षांत तिची धाकटी मुलगी एल्मिना ब्रॉडवेवरच्या अकरा संगीत नाटकांत नाचली होती आणि आणखी चार नाटकांतले नाच तिनं बसवले होते. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नसत. कुणी विचारलंच, तर एल्मिना 'व्यायामाच्या क्षेत्रात' होती.

हा शब्द डार्नलीनं शोधून काढला होता. डार्नली थोरला. त्याचा अंत्यविधीचा व्यवसाय होता आणि अवघड गोष्टींना सभ्य नावं देणं हा त्या व्यवसायाचा निम्मा भाग असतो. मेलेल्या माणसाला तो मेलेला म्हणत नसे, 'आपले पाहुणे' म्हणे. बहिणीला नर्तकी न म्हणणं त्या मानानं सोपं होतं.

त्यामुळे मार्चमधल्या त्या रविवारी, चर्चनंतरच्या जेवणाला सगळे जमलेले असताना, एल्मिना ताटात मॅकरोनी वाढून घेत "मला काढून टाकलंय" असं म्हणाली, तेव्हा इस्मेनं सरळ विचारलं, "व्यायामातून?"

"नाटकातून, आई."

हा शब्द या टेबलावर पहिल्यांदाच आला होता आणि त्याला कुठं बसवावं हे कुणाला कळेना.

"बॉस्टनमध्ये," एल्मिना पुढं म्हणाली. "न्यूयॉर्कला आणण्याआधी नाटक बाहेरगावी लावून बघतात ना, तिथं. निर्मात्यानं सांगितलं, नाच राहतील, तू जा. नाटकात पैसा एका बुटाच्या कारखानदाराचा होता आणि मी अंत्ययात्रा सोडून बाकी सगळ्या नाचांत नाचणाऱ्यांचे बूट काढून ठेवले होते."

"पोरींना अनवाणी नाचवलंस?" इस्मेनं काटा खाली ठेवला. "तुझे वडील पनामाला जाऊन कालवा खणून आले. कशासाठी? या घरात पुन्हा कुणी अनवाणी राहू नये म्हणून!"

"जमीन पायाला कळावी लागते, आई. मी शिकलेच तसं."

"मग कळली ना जमीन?" पलीकडून ऊना म्हणाली. ऊना मधली बहीण. ती कमी बोले आणि बोले ते समोरच्याच्या ताटात वाढल्यासारखं बोले.

एल्मिनानं तिकडं लक्ष दिलं नाही. तिच्या जागी लायल फॅनकोर्ट नावाच्या माणसाला आणलं होतं. त्यानं मुलींच्या पायांत बूट घातले आणि कार्यक्रमपत्रिकेत स्वतःचं नाव घातलं. याखेरीज त्यानं काहीही दिग्दर्शित केलं नव्हतं. नाटक न्यूयॉर्कला लागून दहा दिवस झाले होते. सगळ्या वर्तमानपत्रांनी एकमुखानं लिहिलं होतं की नाटक बेताचं आहे, पण दुसऱ्या अंकातल्या अंत्ययात्रेच्या नाचासाठी तरी बघावं. त्या नाचाच्या जोरावर फॅनकोर्टला दोन नव्या नाटकांची बोलावणी आली होती.

"म्हणजे नाव त्याचं लागलं," डार्नली म्हणाला. "पण काम तर तुझं आहे हे सगळ्यांना माहीत असेल."

"ब्रॉडवेवर सगळ्यांना सगळं माहीत असतं. काम मात्र छापलेल्या नावाला मिळतं." एल्मिनानं टेबलाखाली गुडघा चोळला. "मी चव्वेचाळीस वर्षांची झाले, डार्नली. माझं नाचायचं संपलं. आता उरलंय ते नाच बसवायचं. हे नाव गेलं तर मी खरोखरच व्यायामाच्या क्षेत्रात जाईन. ब्राँक्समधल्या एका शाळेत जागा आहे. शिट्टीसुद्धा शाळाच देते."

डार्नलीला आपलाच शब्द असा परत आलेला बघून कसंसंच झालं.

"एखादा कागद असेल ना? सही, नकाशा, काही?"

"नाच कागदावर नसतो, अंगात असतो. तो आत्ता चौदा मुलामुलींच्या अंगात आहे आणि त्यांनी तोंड उघडलं तर त्यांची नोकरी जाईल. युनियननं लवाद नेमलाय. मि. प्रुइट म्हणून निवृत्त न्यायाधीश आहेत. येत्या शनिवारी ते दुपारचा खेळ बघणार आणि बुधवारी सुनावणी. नाच माझा आहे हे मला दाखवून द्यायचंय. म्हणून..."

तिनं टेबलाभोवती एकेकाकडे पाहिलं. ही नजर डार्नलीच्या ओळखीची होती. शवपेटी सवलतीत मागायला येणारे नातेवाईक अशीच नजर घेऊन येतात.

"म्हणून मला तुम्ही हवेत. तो नाच मी तुमच्यावरून केलाय."

इस्मेनं मॉबीचा पेला उचलला, त्या कडू पेयाचा एक घोट घेतला आणि पेला ठेवून दिला. "आमच्यावरून म्हणजे?"

"म्हणजे अंत्ययात्रेच्या पुढं चालतो तो माणूस, तो डार्नली आहे."

"मी?"

"त्याच्या मागं एक म्हातारी आहे. रडता रडता ती बाकीच्यांचे बूट तपासते."

यावर कुणीही इस्मेकडे पाहिलं नाही. इतकं काळजीपूर्वक पाहिलं नाही, की ते न पाहणंच टेबलावर येऊन बसलं.

"आणि चर्चच्या दारात उभी असते ती बाई ऊना आहे."

ऊनानं रुमालानं ओठ टिपले. तेवढंच. पण डार्नलीला ते घोड्यानं कान मागं टाकल्यासारखं वाटलं.

"ती म्हातारी," इस्मे सावकाश म्हणाली, "म्हणजे मी. ती करणारी बाई दिसायला कशी आहे?"

"छान आहे, आई."

"दात?"

"स्वतःचे."

"लोक हसतात तिला?"

"आधी हसतात. मग टाळ्या वाजवतात. सगळ्यात जास्त तिलाच."

"हं," इस्मे म्हणाली. बावीस वर्षांची भिंत पडताना एवढाच आवाज झाला.

डार्नलीचं मात्र अजून तिथंच अडलं होतं. "माझ्या चालण्यात नाचवण्यासारखं काय आहे?"

ऊनाचा नवरा एलिस, जो सासुरवाडीच्या जेवणात सहसा फक्त जेवत असे, तो एकदम चिकन बघू लागला.

"काय आहे ते सांगाल का कुणी?"

"प्रत्येक चौथ्या पावलाला तुझा डावा गुडघा बसतो," एल्मिना म्हणाली. "पुढं डबकं आहे की काय बघावं, तसा."

"काहीतरीच काय! माझा गुडघा बसत नाही."

"अख्ख्या ब्रुकलिनला माहीत आहे, बाळा," इस्मे म्हणाली. "पोरं तुझ्या मागं तशी चालतात."

"कुठली पोरं?"

"सगळी."

बावन्न वर्षांच्या प्रतिष्ठित माणसाला स्वतःविषयीची बातमी अशी जेवणाच्या टेबलावर कळावी, हे बरं नव्हे. डार्नली उठला. तो म्हणाला, मी चालून दाखवतो, तुम्हीच बघा. आणि तो जेवणघरातून दिवाणखान्यापर्यंत चालत गेला, बकिंगहॅम राजवाड्यावरच्या पहारेकऱ्यासारखा.

"असा नाही. नेहमीसारखा चाल," एल्मिना म्हणाली.

"हेच नेहमीसारखं आहे."

"नेहमी चालताना तू श्वास घेतोस," ऊना म्हणाली.

तो पुन्हा गेला. पुन्हा आला. चौथं पाऊल जवळ आलं की त्याला घाम फुटे आणि गुडघा लोखंडासारखा ताठ होई. एलिसनं पावलं मोजून बघितली, त्यानं काम आणखीच बिघडलं. सातव्या खेपेला तो पियानोवर आदळला. हा तोच पियानो, ज्याच्यावरून इस्मे आणि तिची जाऊ नऊ वर्षं बोलत नव्हत्या.

"राहू दे," एल्मिना हताश होऊन म्हणाली. "लवादासमोर तू असा चाललास तर तो नाच नक्की फॅनकोर्टचा ठरेल."

खरी अडचण ऊनाची होती. ऊनानं कॅरोलायनाच्या एलिसशी लग्न केलं आणि घरचं अँग्लिकन चर्च सोडून ती बॅप्टिस्टांच्या न्यू गिलियड चर्चमध्ये गेली. इस्मेनं यथावकाश एलिसला क्षमा केली होती, बॅप्टिस्टांना अजून केली नव्हती. तर या न्यू गिलियडमध्ये ऊना स्वयंसेविकांची प्रमुख होती. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे. उपासना चालू असताना एक अक्षर न बोलता, नुसत्या हातखुणांनी चौदा बायका बाराशे माणसांना बसवत, उठवत, दानपेट्या फिरवत आणि दारं उघडत-मिटत. आठ खुणा सगळ्याच चर्चमध्ये असतात. नववी फक्त गिलियडमध्ये होती आणि ती ऊनाची होती.

१९३८च्या ऑगस्टात, भर प्रवचनात सिस्टर फिलपॉट चक्कर येऊन पडल्या. सिस्टर फिलपॉट पडत तेव्हा एकट्या पडत नसत, सोबत एखादं बाकही पडे. त्या दिवशी स्वयंसेविकांची फार धावाधाव झाली. पुढच्याच रविवारी ऊनानं नवी खूण शिकवली: डावी मूठ कमरेवर, उजवा तळवा कपाळाला, आणि मग तो हात जिकडं माणूस पडलंय तिकडं फेकायचा. अर्थ असा, की तिकडं कुणीतरी पडलंय, सगळ्याजणी पंखे घेऊन निघा. का, कुणाला, कशासाठी, असले प्रश्न खुणेला विचारायचे नसतात. गेली एकोणीस वर्षं कुणी विचारले नव्हते.

"नववी खूण नाचात घातलीस?" ऊनानं विचारलं.

"घातली."

"देवाच्या घरातली?"

"ऊना, ती देवाची नाही. तुझी आहे."

"म्हणजे आणखीच वाईट." ऊना उभी राहिली. "मी त्या जागी पाऊल ठेवणार नाही. मला साक्षीला बोलावलंस तर शपथेवर सांगेन की मी काही पाहिलेलं नाही. आणि ते खरंच असेल, कारण मी पाहणारच नाही. माकड जितकं वर चढतं, तितकी त्याची शेपटी दिसते. एलिस, टोपी घे."

एलिसच्या ताटात अर्धं चिकन होतं. त्यानं टोपी घेतली.

दार बंद झाल्यावर इस्मे म्हणाली, "डार्नली, शनिवारी गाडी काढ."

"आई, तू नाटकाला जाणार?"

"नाटकाला कोण जातंय? एक बाई आठवड्यातून आठ वेळा मला न विचारता माझ्यासारखं वागतेय. ती नीट वागतेय की नाही, हे बघायला नको?"

शुक्रवारी संध्याकाळी ऊनाचा फोन आला. डार्नलीला वाटलं विरघळली. पण ऊना विरघळणाऱ्यातली नव्हती. गिलियडच्या पाळकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं होतं आणि म्हणाले होते की तक्रार लेखी हवी, आणि लेखी तक्रारीला प्रत्यक्ष पाहिलेले साक्षीदार हवेत. तेव्हा ती येणार होती, आठ स्वयंसेविकांना घेऊन, पाप स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. तिकिटांचं काय?

"एल्मिनाला विचारतो," डार्नली म्हणाला.

एल्मिनानं फोनवर विचारलं, "नऊ जणी? पोशाखात?"

"सकाळी त्यांची वार्षिक कवायत आहे. तिथून परस्पर येतील."

"हातमोजे आणि पंख्यांसकट?"

"पिशव्या बरोबर असणारच. का?"

"काही नाही. बाल्कनीत डावीकडं, तिसरी रांग. मी सांगून ठेवते." आणि ती पुढं म्हणाली, "मि. प्रुइट पहिल्या रांगेत असतील. नाचाची आकृती वरूनच कळते, हे मी त्यांना पटवलंय."

शनिवारी डार्नलीनं दोन्ही काळ्या गाड्या काढल्या. घरात दुसऱ्या गाड्या नव्हत्या. पहिल्या गाडीत इस्मे, तिच्या सगळ्यात मोठ्या टोपीसह. तिच्या शेजारी एलिस. मागच्या गाडीत पांढऱ्या कपड्यांतल्या नऊ गंभीर बायका, आवळून बसवलेल्या. नाटकगृहाच्या रस्त्याला वळताच चौकातल्या पोलिसानं टोपी काढून छातीशी धरली आणि बाकीची रहदारी थांबवली. डार्नलीनं खुलासा केला नाही. धंद्याचा पहिला नियमच आहे, कुणी मान दिला तर तो कुणासाठी आहे हे विचारू नये.

पहिला अंक एका बूट विकणाऱ्या तरुणाच्या प्रेमाविषयी होता. गाणी पुष्कळ होती. इस्मे, डार्नली आणि एलिस बाल्कनीत दुसऱ्या रांगेत बसले होते, मि. प्रुइटच्या मागं आणि ऊनाच्या बायकांच्या पुढं.

"या सगळ्यांना घरी कामं नसतात?" इस्मेनं विचारलं. तिचा हळू आवाज चौथ्या रांगेपर्यंत जात असे.

"आई, हळू."

"मी हळूच बोलतेय. ती गातेय मोठ्यानं."

दुसऱ्या अंकात नायिकेच्या एका मावशीला विनाकारण मारण्यात आलं, म्हणजे अंत्ययात्रा काढता येईल. संगीत थांबलं. रिकाम्या रंगमंचावर काळ्या कोटातला एक उंच माणूस आला आणि चालू लागला.

एक, दोन, तीन आणि गुडघा बसला.

नाटकगृह हसलं. एक, दोन, तीन, पुन्हा. पुन्हा हशा. डार्नलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी असा चालतो? चेंबर ऑफ कॉमर्सच्या मेजवानीत मी असा चालत गेलो? शेजारी एलिस हसू दाबत होता, म्हणजे त्याचे खांदे हसत होते.

मग त्या माणसाच्या मागं सहाजण पेटी घेऊन आले. त्यांचेही गुडघे चौथ्या पावलाला बसत होते आणि दरवेळी पेटीही थोडी खाली जाऊन पुन्हा वर येत होती, पाण्यावर असल्यासारखी. हशा विरळ झाला. मग थांबला. डार्नली पुढं झुकला. मनात तो पावलं मोजू लागला होता, आणि मोजता मोजता त्याला जिना दिसला. हॉल्सी स्ट्रीटवरच्या भाड्याच्या घराचा. १९२४ साली वडिलांना त्या जिन्यानं खाली आणलं, तेव्हा पेटीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याला तो होता, एकोणीस वर्षांचा. त्या जिन्याची चौथी पायरी मोडकी होती. मागं अकरा वर्षांची एल्मिना, हातात वडिलांची टोपी. म्हणजे तेहतीस वर्षं तो तीच पायरी उतरत होता आणि हे एकट्या एल्मिनानं पाहिलं होतं.

त्याला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण तेवढ्यात इस्मे बोलली.

"बरोबर! अगदी बरोबर करतेय ती! त्या तिसऱ्याचे बघ म्हणावं, तपकिरी! अंत्ययात्रेला तपकिरी बूट!"

रंगमंचावरच्या म्हातारीनं रडता रडता वाकून तिसऱ्याचे बूट पाहिले आणि हुंदका दुप्पट केला. नाटकगृह पुन्हा हसलं. इस्मेनं टोपी सरळ केली आणि आजूबाजूला बघून, आपणच ती, अशी किंचित मान लववली.

आता दारातली बाई पुढं आली. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे. पहिली खूण: दार उघडा. दुसरी: रांग भरली. मागं तिसऱ्या रांगेत नऊ पाठी एकदम ताठ झाल्या. तिसरी, चौथी. डार्नलीला आपल्या मानेमागं हातमोज्यांची सळसळ ऐकू आली. त्या बायकांना बोटं आवरणं जड जात होतं.

"कोपर खाली आहे तिचं," ऊना पुटपुटली. पापाविषयी तिची एवढीच तक्रार ऐकू आली.

सातवी. आठवी. मग त्या मुलीनं डावी मूठ कमरेवर ठेवली, उजवा तळवा कपाळाला लावला आणि हात फेकला, वर, बाल्कनीकडं, डाव्या बाजूला, पहिल्या रांगेत.

पुढं जे झालं त्याचं वर्णन सुनावणीच्या कागदपत्रांत 'व्यत्यय' असं केलेलं आहे.

नऊ बायका उठल्या. धावल्या नाहीत, गिलियडमध्ये धावत नाहीत. चार उजवीकडून, चार डावीकडून, मध्ये ऊना. पिशव्या उघडल्या आणि पंखे बाहेर आले. पहिल्या रांगेत मि. प्रुइट कठड्यावर वाकून वहीत काही लिहीत होते. ते सत्तरीचे, कृश आणि जन्मतःच फिकट होते. यापलीकडं त्यांचा काही दोष नव्हता. अर्ध्या मिनिटात त्यांच्या गळ्याचं बटण निघालं, मान मागं टेकवली गेली, नाकाशी वासाची बाटली आली आणि पाय उचलून शेजारी बसलेल्या निर्मात्याच्या वकिलांच्या मांडीवर ठेवण्यात आले. नऊ पंखे एका तालात हलू लागले. प्रत्येक पंख्यावर एकीकडं मेंढपाळ येशू होता आणि दुसरीकडं मजकूर: 'इयरवुड अंत्यविधी गृह. शेवटच्या प्रवासात आम्ही सोबत आहोत. गाड्या उभ्या करण्याची सोय.'

"हे काय चाललंय?" वकील ओरडले. "मला काही झालेलं नाही! म्हणजे, यांना!"

"आवाज करू नका, सर," ऊना म्हणाली. "सेवा चालू आहे."

खालचे प्रेक्षक मागं वळून बघू लागले. त्यांना वाटलं नाटकातलंच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग कुठं ऊनाचा पंखा थांबला. तिनं मि. प्रुइटकडं पाहिलं, रंगमंचाकडं पाहिलं, स्वतःच्या हाताकडं पाहिलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ती खुणेला प्रश्न विचारत होती. पहिल्या रांगेतच, मि. प्रुइटपासून दोन खुर्च्या सोडून एल्मिना बसली होती, हात मांडीवर, नजर खाली, अगदी चर्चमध्ये बसावं तशी.

परतताना ती डार्नलीच्या शेजारी पुढं बसली.

"तो हात," पूल ओलांडल्यावर डार्नली म्हणाला, "पहिल्यापासून बाल्कनीकडंच होता?"

"बॉस्टनला पेटीकडं होता."

"मग?"

"काल दारातल्या त्या मुलीला फोन केला. साक्ष द्यायला ती भिते. हात जरा वर करायला भीत नाही, म्हणाली."

डार्नलीनं गाडीचा वेग कमी केला. हसताना गाडी चालवू नये, विशेषतः काळी.

"ती पायरी," तो थोड्या वेळानं म्हणाला. "हॉल्सी स्ट्रीटची."

"हो."

"मला वाटलं होतं, कुणाच्या लक्षात नसेल."

"मी मागंच होते की," एल्मिना म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

बुधवारच्या सुनावणीला इस्मे निळ्या टोपीत आली. ऊना आली ती हातात लेखी तक्रार घेऊन, कुणाकडंही न बघता. डार्नलीला त्याच्या चालीविषयी विचारणार होते आणि त्यानं आदली संध्याकाळ तळघरात, पाहुण्यांसमोर, सराव केला होता. त्याचं नाव पुकारलं तेव्हा टोपी कुठं ठेवावी याच विचारात तो दारापासून खुर्चीपर्यंत गेला. बसल्यावर चालून दाखवायला म्हणून तो पुन्हा उठू लागला. मि. प्रुइट त्याच्या गुडघ्याकडं बघत होते. ते म्हणाले, नको, झालं, आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

मग त्यांनी फॅनकोर्टला विचारलं की दारातल्या बाईच्या त्या शेवटच्या खुणेचा अर्थ काय.

फॅनकोर्ट गोड बोलणारा माणूस होता. डोळे अर्धे मिटून तो म्हणाला, "आत्मा. देहाच्या पिंजऱ्यातून मुक्तीच्या दिशेनं घेतलेली झेप."

"आणि बाई, तुमच्या मते?"

"कुणीतरी पडलंय, पंखे आणा," ऊना म्हणाली.

मि. प्रुइटनी नकळत गळ्याच्या बटणाला हात लावला.

निर्मात्याचे वकील उठले. "बाई, तुम्ही बहिणीच्या बाजूनं बोलताय, हे उघड आहे."

"मी तिच्या बाजूनं?" ऊना ताडकन उभी राहिली. तिनं कागद टेबलावर आपटला. "मी तिची तक्रार करायला आलेय! ही खूण माझी आहे. अख्ख्या अमेरिकेत गिलियडबाहेर कुणाला येत नाही. हिनं ती चोरली आणि नाचात घातली. आठजणींच्या सह्या आहेत खाली!"

वकील हळूच खाली बसले.

"कुणी चोरली म्हणालात?" मि. प्रुइटनी अत्यंत सौम्यपणे विचारलं.

"हिनं! एल्मिना इयरवुडनं!"

"आणि नाचात कुणी घातली?"

"हिनंच! किती वेळा सांगू?"

"एकदा पुरे आहे," मि. प्रुइट म्हणाले. "लिहून घ्या."

ऊनाच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग ती एल्मिनाकडं वळली आणि सगळ्यांसमक्ष म्हणाली, "कोपर तरी नीट शिकवायचंस." बावीस वर्षांत तिनं धाकट्या बहिणीला दिलेला हा पहिलाच सल्ला होता. इस्मेनं त्याच आठवड्यात शेजारच्या बाईंना सांगितलं की आमच्या घराण्याचं रंगभूमीशी फार जुनं नातं आहे.

निकाल शुक्रवारी लागला. अंत्ययात्रेचा नाच एल्मिना इयरवुड यांचा असून निर्मात्यानं तसं छापावं, असा आदेश निघाला. निर्मात्यानं तो पाळला. नव्या कार्यक्रमपत्रिकेत चौतिसाव्या पानावर, 'नाटकातील सर्व बूट' या ओळीखाली, त्याहून लहान अक्षरांत एल्मिनाचं नाव आलं. स्पेलिंगही बरोबर होतं.

पत्रिका मंगळवारी छापून आल्या. नाटक त्याआधी शनिवारीच बंद पडलं होतं.